रात्रीच्या वॉर्डातली अमानत

रमजानच्या दिवसांत असरची नमाज झाली की आमच्या पाथरीचा बाजार एकदम जागा होतो. खजुरांचे ढीग, कापलेलं टरबूज, कढईतून निघणारी भजी आणि घराकडे परतणाऱ्यांची घाई. गेल्या आठवड्यात अशाच एका संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी इफ्तारला घरी आली. अकरावी-बारावीला ती माझ्या वर्गात होती. घरात शिकलेलं कुणी नाही, वडील हमाली करतात. पोरीने हट्टाने जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स पूर्ण केला, मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केली आणि चार महिन्यांपूर्वी मराठवाड्यातल्याच एका शहरातल्या खासगी नर्सिंग होममध्ये नोकरीला लागली. तिचं नाव सांगणार नाही, शहराचंही नाही. तिची नोकरी जाऊ नये एवढीच माझी इच्छा.

अजान झाली. तिने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? दिवसभर उपाशी राहायचं आणि रात्री केसपेपरवर खोटं लिहायचं. माझा रोजा होतो का?"

मी आलिमा नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई आहे. फतवा द्यायचा मला अधिकार नाही. पण तिचा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी. चौदा रुग्ण. ती एकटी सिस्टर आणि सोबत एक मावशी. मावशी साफसफाई करते, पण गरज पडली की सलाईनची बाटलीही बदलते आणि कधी कधी इंजेक्शनही देते, कारण 'तिला वीस वर्षांचा अनुभव आहे'. एका आजीबाईंना अर्धांगवायूचा झटका आलेला. त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. डायपर रात्रीतून एकदाच बदलला जातो. त्यांच्या कंबरेखाली लाल चट्टा उठला होता, आता तिथली कातडी गेली आहे. आणि चार्टवर दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी आहेत, तापाचे आकडे आहेत, बीपीचे आकडे आहेत. पहिल्या आठवड्यात तिने ते रकाने मोकळे ठेवले होते. सीनियर सिस्टरने जवळ बोलावून, अगदी प्रेमाने सांगितलं, "अगं, भरून टाक. सगळ्या भरतात."

हे ऐकून आपल्याला राग येतो. 'काय निर्दय माणसं आहेत' असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. मला वाटतं, तिथेच आपली चूक होते. रागाच्या आधी जरा हिशेब करून पाहू.

चौदा रुग्णांपैकी चार अंथरुणाला खिळलेले धरा. दर दोन तासांनी कूस बदलायची तर बारा तासांत प्रत्येकाची सहा वेळा. म्हणजे चोवीस वेळा. एका वेळेला दहा मिनिटं आणि दोन माणसं लागतात. झाले चार तास. चौदा जणांचा ताप, नाडी, बीपी दर चार तासांनी बघायचं तर तीन फेऱ्या, बेचाळीस वेळा. प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तरी साडेतीन तास. इंजेक्शनं, सलाईन, औषधं, रात्री दोनला येणारा नवा पेशंट, नातेवाइकांची हाक, ऑपरेशन झालेल्या बाईला होणारी उलटी हे सगळं उरलेल्या वेळात. या हिशेबात जेवायला, पाणी प्यायला, लघवीला जायला वेळच नाही. सहेरीचं तर विचारूच नका. ती म्हणाली, "मॅडम, उभ्या उभ्या दोन खजूर आणि एक ग्लास पाणी."

जे काम दोन-तीन माणसांचं आहे ते एकीवर टाकलं की ते होत नाही. पण कागदावर ते झालेलं दिसावंच लागतं, म्हणून कागद खोटा होतो. आणि कागद खोटा झाला की सकाळी येणाऱ्या डॉक्टरला खरं काय ते कळत नाही. ताप मोजलाच नसताना '98.6' लिहिलं तर वाढत चाललेला जंतुसंसर्ग कुणाच्या लक्षात येणार? रिकामा रकाना निदान एवढं तरी सांगतो की इथे कुणी पाहिलेलं नाही. भरलेला खोटा रकाना डॉक्टरला निश्चिंत करतो.

बेडसोर म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. सात वर्षांपूर्वी माझ्या अम्मीचं खुब्याचं हाड मोडलं. एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात आम्ही तिला ठेवलं. मी रोज तिच्या उशाशी खुर्चीवर बसायचे, तिच्यासाठी यासीन पढायचे. नवव्या दिवशी वास आला. चादर बाजूला करून, तिला कुशीवर घेऊन पाहिलं तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस तासन् तास दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस आतून मरतं. वरून दिसायला लागतं तेव्हा आत बरंच काही झालेलं असतं. पुढे आम्ही फाइलची प्रत मागून घेतली. नऊही दिवस रोजच्या नोंदीत पाठीची कातडी व्यवस्थित असल्याचं लिहिलेलं होतं.

अम्मी त्यानंतर पाच महिने जगली. पाचही महिने त्या जखमेचं ड्रेसिंग चाललं. मी त्या रुग्णालयातल्या सिस्टरला मनातल्या मनात किती शिव्याशाप दिले याची गणती नाही. तिचा चेहरा अजून आठवतो. वीस-बावीस वर्षांची होती. त्या दिवशी इफ्तारच्या दस्तरखानवर माझ्या समोर तशीच एक मुलगी बसली होती, तोच गुन्हा कबूल करत. आणि मला पहिल्यांदा आठवलं की नऊ दिवस मीही तिथेच होते. अम्मीची पाठ मीही पाहिली नव्हती. रात्री तुम्ही किती जणी असता, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. खोलीत टीव्ही चालतो का, एसी आहे का, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

नीट सेवा झाली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर भयंकर हल्ला केला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या अंथरुणावरच होत्या. केईएमच्या सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, अरुणाला जिने कधी चालता-बोलताना पाहिलंही नव्हतं ती तिसरीही आली. त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने या सेवेचं मनापासून कौतुक केलं आणि अरुणाची खरी जवळची माणसं म्हणजे केईएमचे कर्मचारीच, असं मानलं. एवढ्या वर्षांत त्यांना बेडसोर झाला नाही, याचीही दखल घेतली गेली. सदतीस वर्षांत नाही, आणि माझ्या अम्मीला नऊ दिवसांत.

हे निव्वळ प्रेमाने झालं असं मी म्हणणार नाही. प्रेम होतंच. पण तिथे पाळीपाळीने येणाऱ्या प्रशिक्षित सिस्टर्स होत्या, वर मेट्रन होती, आणि अरुणाला बाहेर हलवण्याचा विचार झाला तेव्हा एकत्र उभी राहणारी संघटनाही होती. चौदा खाटांच्या नर्सिंग होममधल्या एकट्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. प्रेम असलं तरी तिला हात दोनच आहेत.

आता कायदा बघू. खासगी रुग्णालयांसाठी आपल्याकडे 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. रुग्णांच्या सेवेत असलेल्यांमध्ये पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, असं हा कायदा स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत सांगून बसला आहे. 2021 मध्ये या कायद्याखालचे नियम सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं, तक्रार निवारणाची सोय करायला सांगितली गेली. फाइलची प्रत मागितली तर 72 तासांत द्यावी, हा डॉक्टरांसाठीचा नियम तर 2002 पासून आहे. ही सनद तुम्ही शेवटची कधी वाचलीत? मी तरी पाणी पिण्याच्या जागेशेजारी, कॅलेंडरमागे झाकलेली पाहिली आहे.

पगाराचंही तसंच. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या हालांवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला किमान 20,000 रुपये मिळावेत, अशी शिफारस त्या समितीने केली. माझ्या विद्यार्थिनीला नऊ हजार मिळतात, आणि सुट्टी घेतली की त्यातूनही कापतात. जी मुलगी शिकलेली आहे ती एक-दोन वर्षांत पुण्या-मुंबईला किंवा आखाती देशांत निघून जाते. तिच्या जागेवर मावशी इंजेक्शन द्यायला लागते. हे किती महागात पडतं तेही न्यायालयाच्या दप्तरी आहे. 1998 च्या एका गाजलेल्या निकालात दिल्लीकडच्या एका खासगी रुग्णालयातलं लहान मूल होतं. टायफॉइडसाठी दाखल झालेल्या त्या मुलाला चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं आणि त्याचा मेंदू कायमचा निकामी झाला. इंजेक्शन देणारी परिचारिका पात्र नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरलं आणि त्या मुलासोबत त्याच्या आईवडिलांनाही भरपाई दिली. ज्याने अपात्र हातात सुई दिली, त्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

पण निकाल पुस्तकात राहतात. प्रत्यक्षात काही घडलं की आधी कोण सापडतं? 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला, अकरा रुग्ण दगावले. वरिष्ठ निलंबित झाले, पण अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या शेजारच्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळं होती. त्यावर एका खासदारांनी काय केलं, तर प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलं. किती पदं रिकामी होती, किती सिस्टर्स कमी होत्या, याची चर्चा त्या झाडूइतकी रंगली नाही.

कुणाची चूकच नसते, असं माझं म्हणणं नाही. ड्युटीवर झोपणारी, रुग्णावर खेकसणारी, पैसे घेतल्याशिवाय हात न लावणारी माणसंही आहेत. त्यांना शिक्षा झाली पाहिजे. पण चौदा रुग्णांमागे एक सिस्टर नेमणारा हात आणि तिथे बसून खोटा आकडा लिहिणारा हात, यांत पहिला हात मोठा आहे. शिक्षा वाटताना तेवढं लक्षात ठेवावं.

तालुक्याच्या गावात नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरांचीही बाजू आहे. शिकलेली सिस्टर इथे टिकत नाही. बिलावर घासाघीस होते, उधारी राहते. काही बरंवाईट झालं की नातेवाईक काचा फोडतात. असा हल्ला रोखण्यासाठी राज्याला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. रात्री-बेरात्री तेच एकटे धावत येतात. ते नसते तर आपल्या बायका बाळंतपणासाठी परभणी-अंबाजोगाईच्या वाटेवरच अडल्या असत्या. हे सगळं खरं आहे. पण खर्च भागत नाही म्हणून सिस्टर कमी ठेवायची असेल तर खाटाही तेवढ्याच कमी ठेवाव्या लागतील. चौदा जणांचे पैसे घ्यायचे आणि चौघांचीच सेवा करायची, हा व्यवहार कुठल्याही दुकानात चालणार नाही.

हे रमजानचं पान आहे म्हणून एक आठवण काढते. इस्लामच्या इतिहासात रुग्णसेवेचं पहिलं नाव घेतलं जातं ते हजरत रुफैदा यांचं. सन 627 मध्ये खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा त्यांना मदीनेच्या मशिदीतच उभारलेल्या रुफैदा यांच्या तंबूत ठेवण्यात आलं. पैगंबर साहेब स्वतः त्यांची विचारपूस करायला जात. मला यात महत्त्वाचं वाटतं ते तंबूचं ठिकाण. जखमी माणूस वस्तीच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेसमोर होता. पाच वेळा नमाजला येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता, आणि त्याची सेवा करणारी बाईही दिसत होती. आपण रुग्णाला नजरेआड ठेवतो. भेटायला जातो, सफरचंदं ठेवतो, दुआ करतो, निघून येतो. रात्री दोन वाजता तिथे काय चालतं, हे ना आपण पाहतो ना विचारतो.

त्या मुलीला मी काय सांगितलं? 'नोकरी सोड' म्हणाले नाही. तिच्या पगारावर घरात चार माणसं आहेत, आणि ती गेली तर त्या आजीबाईंकडे पाहणारं एक माणूस कमी होईल. 'सहन कर' असंही म्हणाले नाही. जे केलं नाही ते लिहू नकोस, एवढं सांगितलं. एकदाच कूस बदलली असेल तर एकदाच लिही, वेळेसकट. डॉक्टरांशी बोलताना कुणाची तक्रार करू नकोस, रुग्णाची अवस्था सांग: आजींच्या पाठीची कातडी गेली आहे, रात्री कूस बदलायला दुसरा माणूस लागेल, एअर बेड लागेल. तेच दोन ओळींत लिहून दे आणि प्रत जवळ ठेव. आजींच्या सुनेला कूस बदलायला शिकव. आणि मावशीला सुईपासून दूर ठेव, मग तू कितीही थकलेली असलीस तरी.

"आणि रागावले तर?"

रागावतील, म्हणाले. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने सांगितलं की बाळंतिणी मरतात त्याला आपलेच न धुतलेले हात कारण आहेत. हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरीही ज्येष्ठांनी त्याला उडवूनच लावलं. आपले हात अस्वच्छ आहेत हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. तिथे खालच्या पदावरच्या मुलीने ते सांगणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणूनच हे ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवून चालणार नाही.

काल तिचा फोन आला. तिने दोन ओळी लिहून दिल्या. डॉक्टर आधी भडकले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजीबाईंसाठी एअर बेड आला. दुसरी सिस्टर मात्र आलेली नाही. तिने मोकळे सोडलेले रकाने सकाळी दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात भरलेले होते. एवढीच आतापर्यंतची कमाई. मी तिला शाबासकी दिली, पण फोन ठेवल्यावर वाटलं, एका मुलीला एवढी हिंमत लावावी लागते आणि पदरात काय, तर एक हवेची गादी.

म्हणून हे लिहिते आहे ते तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी. आपल्या माणसाला दाखल करताना दराइतक्याच सहजपणे विचारा: रात्री किती सिस्टर असतात, त्यांची नोंदणी आहे का? हा प्रश्न दहा घरांनी विचारला तर अकराव्याला त्याचं उत्तर भिंतीवर लिहिलेलं सापडेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ आणि टाचा रोज स्वतः पाहा. तक्रार करायची तर सिस्टरवर ओरडून नको. व्यवस्थापनाला लेखी द्या, आणि तिथे कुणी ऐकलं नाही तर नोंदणी करणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. आणि या महिन्यात मोहल्ल्या-मोहल्ल्यात मदतीचे पैसे जमतात, त्यातून चार-सहा एअर बेड घेऊन ठेवता आले तर? ज्याच्या घरी गरज, त्याने न्यावा, बरं झाल्यावर परत आणावा. जनाज्याची खाट जशी वस्तीची असते, तशी ही गादीही वस्तीची असावी. जिवंत माणसासाठी.

अमानत हा शब्द आपण उर्दूतून घेतला आणि मराठीनेही तो आपला मानला. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवलेली असते, ती जशीच्या तशी परत करायची असते. वॉर्डातला रुग्ण ही तशीच ठेव आहे. ती सांभाळणाऱ्या मुलीच्या हाती आपण तेरा ठेवी आणखी देतो आणि सकाळी एकीला ओरखडा दिसला की तिलाच चोर म्हणतो.

तिच्या रोज्याचा हिशेब अल्लाह आणि तिच्यामधला आहे. पण चौदा रुग्णांमागे एकटीला उभं करून तिला खोटं लिहायला लावणाऱ्यांत, काही न विचारता बिल भरून निघून आलेली मीही होते. ईदच्या दिवशी कुणाला भेटायला दवाखान्यात जाल, तर शीरखुर्म्याचा एक डबा ड्युटीवरच्या सिस्टरसाठीही न्या. आणि तो देता देता तिला विचारा, काल रात्री तुम्ही किती जणी होतात?